भीती हा पुरावा नव्हे

ऑगस्ट लागला की आमच्या कॉलेजात दोन गोष्टी एकदमच येतात. एक वादविवाद स्पर्धेची नोटीस, आणि दुसरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी. नोटीस शिपाई वर्गावर्गातून फिरवतो, बातमी आपोआप फिरते. स्टाफरूममध्ये हातात चहाचे कप घेऊन सगळे एकमेकांना "किती फूट?" एवढंच विचारतात. कशाचे फूट, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. नदी इशारा पातळीला पोचली की बोलण्याचे आवाज जरा खाली येतात, आणि धोका पातळीकडे सरकली की पूरपट्ट्यातले आमचे सहकारी रजेचा अर्ज न देताच घरी पळतात. मी कप खाली ठेवते आणि तळहात ओढणीला पुसते. बाहेर एवढा गारठा असतो, छत्र्या वाळत नाहीत, खडू सादळून फळ्यावर उमटत नाहीत, आणि माझ्या हातांना मात्र घाम सुटलेला असतो.

याच दिवसांत अकरावीला मला एक धडा शिकवावा लागतो. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवून देणारा लेख कसा लिहावा, त्याचे भाग कोणते, ते कोणत्या क्रमानं मांडावेत. मी फळ्यावर 'दावा' असं लिहिते आणि माझी नजर खिडकीतून बाहेर जाते. आमचं कॉलेज उंचावर आहे. मी राहते तो भागही उंचावर आहे; तिथं पाणी यायचं तर आधी अख्खं कोल्हापूर बुडावं लागेल. मला स्वतःला काही होणार नाही, हे मला कळतं. पण अण्णा आणि आई अजून नदीकाठच्या गावातच राहतात, आणि दर ऑगस्टला एकच प्रश्न पुन्हा येतो. या वेळी ते वेळेवर निघतील ना?

आमचं गाव शहराच्या खालच्या अंगाला, पंचगंगेच्या काठी आहे. आमच्या गल्लीत बरीचशी जैनांची घरं, सगळी शेतकऱ्यांची. पुढे माणसं, मागे गोठा. आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, दाराशेजारच्या भिंतीवर तांबड्या रंगाची एक आडवी रेघ होती. दोन हजार पाच सालच्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथं अण्णांनी पाणी उतरल्यावर ती ओढली होती. अशी रेघ आमच्याकडे घरोघरी असे. नवी सून आली की तिला देवघर दाखवत, न्हाणीघर दाखवत आणि रेघ दाखवत. घर रंगवायला रंगारी आला की तेवढी पट्टी सोडून ब्रश फिरवायचा. लहानपणी मी तिच्या शेजारी उभी राहून आपली उंची बघायचे. आधी ती माझ्या कमरेला लागत होती, मग गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबली. मी मोठी झाले आणि रेघ लहान झाली, असं मला तेव्हा वाटायचं.

एकोणीस साली मी बी.एड. करत होते आणि ऑगस्टमध्ये आमचे सराव पाठ होते. खऱ्या वर्गात खऱ्या मुलांपुढे उभं राहायचं आणि मागच्या बाकावर आमच्या मॅडम बसून मार्क देणार, असा तो प्रकार. माझ्या वाट्याला नेमका हाच घटक आला होता. माझं पाठाचं टाचण वाचून मॅडमनी ते परत दिलं आणि चष्मा सारखा करत म्हणाल्या, "दावा म्हणजे तुझं म्हणणं. म्हणण्याला कारण लागतं, कारणाला पुरावा लागतो. मग समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला उत्तर द्यायचं आणि शेवटी निष्कर्ष. मुलं काय करतात, मला वाईट वाटतं, मला भीती वाटते असलं लिहितात. तिथं मार्क कापायचे. भीती हा पुरावा नव्हे."

मला ते वाक्य फार आवडलं. मी ते लिहून घेतलं आणि खाली रेघही मारली. शेजारी माझी मैत्रीण सुजाता बसली होती. तिचे वडील वारणानगरला कामाला, ती तिथल्या कामगार वसाहतीत वाढलेली. बोलायला एकदम सडेतोड. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मॅडम कधी पुरात अडकल्या न्हाईत वाटतं." आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसलो. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि आम्हाला काळजी होती ती सराव पाठ पुढे ढकलला जातो की काय याची.

तो ढकलला गेलाच. सगळ्या शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर झाली आणि मी टाचण पिशवीत घालून एसटीनं गावी आले. उतरले आणि जागीच उभी राहिले. थांब्यावरून नेहमी आमचं उसाचं रान दिसतं. त्या दिवशी रान नव्हतं. तांबूस पाण्याचा एक मोठा पत्रा पसरलेला होता आणि त्यातून उसाचे नुसते शेंडे वर आले होते. नदी कुठली आणि शेत कुठलं, हे सांगता येत नव्हतं. आणि त्या एवढ्या पाण्याला आवाज नव्हता. मला वाटायचं, पूर म्हणजे गडगडाट असणार. पूर गप्प असतो, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याची भीती आवाजापेक्षा जास्त वाटली.

घरी आले तर सोप्यात म्हशी. टीव्हीच्या शेजारी एक, खिडकीशी एक, आणि पाहुण्यांसाठीच्या लाकडी कॉटच्या पायाला रेडकू बांधलेलं. तिसरी म्हैस देवघराच्या दाराकडे तोंड करून निवांत रवंथ करत होती. सगळ्या घराला शेणाचा, ओल्या केसाळ कातड्याचा वास येत होता. आई फरशीवरचं शेण सुपलीनं भरत होती आणि अण्णा कोरा चहा पीत बसले होते. अण्णा कायम कोराच चहा प्यायचे. दारात म्हशी असलेला माणूस बिनदुधाचा चहा पितो म्हणून अख्खी गल्ली त्यांची थट्टा करायची. पित्ताचा त्रास आहे, एवढंच ते सांगायचे.

"गोठ्यात पानी शिरंल आज-उद्या," अण्णा म्हणाले. "म्हनून आत घेतल्या. गोठा खाली हाय."

"आणि घरात शिरलं तर? अण्णा, आपण निघूया."

"कुठं?"

"कुठंही. शहरात चला माझ्याबरोबर. मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"पाण्याची."

"पान्याला भ्यालं तर नदीकाठाला ऱ्हायाचं कशाला?" त्यांनी कप खाली ठेवला, उठले आणि तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघ. पाच साली असलं पानी कुनी बघितलं न्हवतं. म्हातारी मानसं म्हनत हुती, आमच्या आज्यानं बी बघितलं न्हाय. ते पानी हितवर आलतं. गुडघाभर. म्हशीला गुडघाभर पानी म्हंजे काय? खेळ! आता तू सांग, माझं काय चुकलं?"

त्यांचं सगळं बरोबर होतं. दावा होता, घर सोडायचं नाही. कारण होतं, घरात गुडघ्याच्या वर पाणी येत नाही. आणि पुरावा तर भिंतीवर, तांबड्या रंगात, साल घालून. मॅडम आमच्या सोप्यात म्हशींच्या मागे बसल्या असत्या तर त्यांनी अण्णांना पैकीच्या पैकी मार्क दिले असते. माझ्याजवळ काय होतं? घामेजलेले हात. तेवढ्यात शेजारचे बाळगोंडा काका डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आले. एकटाच माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्याकडे आल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. त्यांच्याही घरात अशीच रेघ होती.

"बी.एड. शिकाय गेली आनि भ्याला शिकली व्हय गं?" ते हसत म्हणाले. "रेघ काय खोटं बोलतीया?"

दोघे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार.

त्या दुपारपासूनचं मला सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. वीज गेली होती. मोरीच्या भोकातून गुळगुळ आवाज यायचा आणि थोडं पाणी वर येऊन परत खाली जायचं. बेडूक ओरडायचे थांबले होते. मुंग्या अंडी तोंडात धरून भिंतीवरून वर चालल्या होत्या. रेघ ओलांडून, खिडकी ओलांडून, थेट आढ्याकडे. परसातल्या कट्ट्यावर एक साप येऊन बसला होता. आमच्यात साप मारत नाहीत. आई त्याला हात जोडून म्हणाली, "जा बाबा, तुझ्या वाटंनं जा," पण त्याच्या वाटेवर पाणी होतं, तो कुठं जाणार? तो तिथंच वेटोळं करून राहिला. खालच्या गल्लीतली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचकी टाकून निघाली होती. जीपवरचा कर्णा गाव सोडा, गाव सोडा म्हणत फिरत होता, आणि त्याचा आवाज पाण्यावरून दुसऱ्याच बाजूनं परत यायचा. आई चातुर्मासात दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही. ती सारखी आभाळाकडे बघून किती उजेड राहिलाय याचा अंदाज घेत होती. मला वाटलं, आपण सगळे त्या उजेडाच्याच आधारानं उभे आहोत.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुरावा पाहिजे ना, मग पुरावा आणू. मोबाईलवर धडाधड येणारे निरोप मी अण्णांना वाचून दाखवले. एकात तर धरण फुटल्याचं लिहिलं होतं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धरण जागच्या जागी असल्याची खबर आली आणि त्यांनी ती मला ऐकवली.

"काल म्हनत हुतीस धरन फुटलं. फुटलं काय?"

माझा पुरावा खोटा निघाला आणि त्याबरोबर माझं खरं म्हणणंही खोटं पडलं. आता मी काय बोलले तरी कालची धरणवाली पोरगी बोलतीय, असंच त्यांना वाटणार होतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडायला लागले.

आई भाकरी थापत होती. तिनं मागं वळून न बघता विचारलं, "रेघंसंगट कशाला भांडाय लागलीस?"

"मग कुणाशी भांडू? रेघच दाखवतात ते सारखी."

"रेघ दाखवायला हाय गं. मनात दुसरंच हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "कोरा चहा का पित्यात, ठावं हाय तुला?"

"पित्त."

"पित्त न्हवं."

मग तिनं मला सांगितलं. पाच साली आम्ही सगळे गावातल्या शाळेत जाऊन राहिलो होतो. मी लहान होते. मला तिथली खिचडी तेवढी आठवत होती. निघताना अण्णांनी गोठ्यात म्हशीपुढं भरपूर वैरण टाकली. चंद्री नावाची म्हैस होती. पाणी गोठ्यात फार चढणार नाही, पण चढलंच तर वाहून जाऊ नये, म्हणून त्यांनी तिचा दोर खुंट्याला दुहेरी गाठ मारून बांधला. पाणी उतरल्यावर ते पहिले गोठ्यात गेले. गाठ तशीच होती. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पायाखालची मुंगी चुकवली, त्याच्या हातून, त्याच्या काळजीपोटी, एक जीव गेला. त्या दिवशी त्यांनी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात जाऊन दूध सोडण्याचा नियम घेतला. पित्ताची गोष्ट नंतर लोकांसाठी केली.

"ह्या वक्ताला ते म्हशी टाकून जायाचे न्हाईत," आई म्हणाली. "आनि म्हशी घालवायला जागा न्हाय. मग मानूस रेघ दाखवंल न्हाय तर काय करंल?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. मॅडमनी सांगितलेला तो चौथा भाग मी टाचणात दीड ओळीत उरकला होता. समोरच्याचं म्हणणं मांडायचं. मला वाटलं होतं, समोरचा बोलतो तेच त्याचं म्हणणं. तो जे बोलत नाही ते कुठून आणायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि अण्णा न घाबरणारे आहेत, मी एकटीच भित्री आहे, असं मी धरून चालले होते. खरं तर त्या घरात माझ्याइतकाच घाबरलेला माणूस सोप्यात म्हशींच्या मध्ये बसला होता. फक्त आमच्या दोघांच्या भीतीचं तोंड दोन दिशांना होतं.

मी सुजाताला फोन लावला. रेंज येत होती, जात होती. मी आधी रडले आणि मग विचारलं, तुमच्याकडं तीन म्हशींना जागा मिळेल का? ती म्हणाली, "मामाचं शेड हाय की माळावर. उंच हाय, तिथं वारणा बी यायची न्हाय. रिकामं बी हाय." मग म्हणाली, "पण पोल्ट्रीचं हाय गं. कोंबड्यांचं. तुझ्या अण्णांना चालंल का?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. मी सोप्यात गेले. अण्णा रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत होते. या वेळी मी रेघेकडे बघितलंच नाही.

"अण्णा, म्हशींना सोडून आपण जायचं नाही," मी म्हणाले. "आधी म्हशी जातील, मग आपण. त्या कोरड्या जागेवर उतरल्याशिवाय मी तुम्हाला घर सोडा म्हणणार नाही. आणि गाठ कुणी मारायची नाही. तिथं मोकळ्या सोडायच्या."

त्यांचा हात थांबला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आई तिथं उभी होती. मग माझ्याकडे बघितलं.

"आता बोललीस. ह्ये आधी का न्हाय बोललीस?"

"तुम्ही कुठं म्हशींचं काही बोलला?"

"ते बोलायचं असतंय व्हय?"

मग मी शेडाचं सांगितलं. कोंबड्यांचं, हेही सांगितलं. लपवून नेलं असतं तर तिथं पोचल्यावर दुसरा पूर आला असता. मला वाटलं, आता एवढ्यावरून अडणार. ते उठले, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "जीव वाचवाय जागा मागायची आनि वर आपलं सोवळं सांगायचं, ह्ये बरं न्हवं. टेम्पो बोलीव."

टेम्पोवाला आला तो बोंबलतच. त्याची आमची ओळखदेख काही नव्हती. "ओ पावणं, चढवा की पटापटा! ओढ्याच्या पुलावर पानी चढाय लागलंय. मग मला बी हितंच मुक्काम!" दोन म्हशी आणि रेडकू चढलं. तिसरी फळीवर पाय ठेवेना. ढकलून झालं, ओढून झालं. ती डोळे पांढरे करून मागे रेटायची आणि घोटाभर पाण्यात तिचे खूर घसरायचे. टेम्पोवाल्यानं काठी उगारली. अण्णांनी ती धरली. ते म्हशीच्या तोंडाजवळ गेले, तिच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि स्वतः आधी फळीवरून वर चढून उभे राहिले. ती मागोमाग चढली. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

निघताना त्यांनी बाळगोंडा काकांना हाक मारली. "चल की रं. जागा हाय."

"तुमी जावा. माझ्याकडं कुठं म्हशी हाईत?" काका दारात उभे राहून म्हणाले. "मी आपला रेघंपाशी बसतो."

ओढ्याचा पूल दिसत नव्हता. दोन्ही बाजूंच्या झाडांवरून रस्ता कुठं असेल याचा अंदाज घ्यायचा. मी आणि आई पुढं, ड्रायव्हरशेजारी. अण्णा मागं म्हशींत. चाकं पाण्यात शिरली तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला आणि टेम्पो एका बाजूला जरासा सरकला. जरासाच. आईनं माझा हात एवढा घट्ट धरला की तिची बांगडी फुटली. त्या क्षणी माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ विचार आला. यांना घराबाहेर मी काढलंय. घर अजून कोरडं आहे. आता काही झालं तर ते माझ्या युक्तिवादामुळं. वाद जिंकल्यावरही भीती वाटते, जास्तच वाटते, हे कुठल्याच टाचणात नसतं. मागून म्हैस हंबरली आणि चाकांना डांबर लागलं.

माळावर पोचलो. सुजाताच्या मामांनी शेड धुऊन, चुना मारून, आमच्यासाठी एका कोपऱ्यात ताडपत्री अंथरून ठेवली होती. त्यांनी चहा आणला. अण्णांनी कोरा मागितला, आणि मामांनी का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन वाजला. बाळगोंडा काका होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काकांचा आवाज एवढा बारीक झाला होता की मी ओळखला नाही.

"अरं," ते म्हणाले, "रेघ दिसंना झालीया."

अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"बुडाली रं रेघ. मी माळ्यावर चढलोय. आता कुटवर येतंय ह्ये?"

फोन बंद पडला. अण्णा दोन म्हशींच्या मध्ये खाली बसले. त्यांनी हात टॉवेलाला पुसले, आणि मी पहिल्यांदा बघितलं की त्यांच्याही तळहातांना घाम येतो. काकांना कौलं काढून, छपरावरून, बोटीनं बाहेर काढल्याचं कळायला दुसरा दिवस उजाडला. काका आज ठणठणीत आहेत. फक्त जूनपासून दिवाळीपर्यंत ते माळ्यावर झोपतात.

पाणी उतरल्यावर आम्ही परत गेलो तेव्हा सोप्यात रेघ शोधावी लागली, चिखलाखाली. आणि तिच्या कितीतरी वर, दाराच्या चौकटीच्याही वर, पाण्यानं स्वतःच एक तपकिरी रेघ ओढून ठेवली होती. आम्ही त्या घरात असतो तर म्हशी कुठं असत्या आणि आम्ही कुठं असतो, हे मान वर करून बघितलं की कळत होतं. गल्लीत सगळ्यांनी नवी रेघ ओढली, नवं साल घातलं. अण्णांनी चुना कालवला आणि वरची-खालची दोन्ही पुसून टाकल्या. मी विचारलं तर म्हणाले, "रेघ असली की मानूस तिच्या खाली निवांत झोपतंय."

माझा सराव पाठ पुढं झाला. मी समोरच्याचं म्हणणं चौथ्या जागेवरून उचलून पहिलं घेतलं. मागच्या बाकावरून मॅडमनी शेरा दिला, क्रम चुकला. तो अजून तसाच चुकतो. अकरावीला मी आधी सांगते, ज्याला पटवायचंय तो कशाला भितो ते शोधा, मग दावा करा. परीक्षेच्या दृष्टीनं हे फारसं उपयोगाचं नाही, हे मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं.

पण कुणाला वाटेल की त्यानंतर अण्णा शहाणे झाले, तर तसं नाही. एकवीस साली पाणी पुन्हा आलं तेव्हा ते गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत हलले नाहीत. दरवर्षी त्यांचं काहीतरी नवीन असतं. यंदा वाऱ्याची दिशा बरी आहे, यंदा धरणात जागा आहे, उद्या बघू. सुजाताचे मामा दर ऑगस्टला एक शेड रिकामं ठेवतात आणि मी दर ऑगस्टला फोनवर पहिल्यापासून युक्तिवाद करते. कधी जिंकते, कधी तास तास वाया जातो. ज्या वर्षी वाया जातो, त्या वर्षी मी रेघा पुसलेली ती पांढरी भिंत डोळ्यांपुढं आणते आणि वाटतं, आता तर आकडासुद्धा नाही कशाला धरायला.

परवा वर्गात तोच धडा चालला होता. पाऊस खिडकीवर आपटत होता. शेवटच्या बाकावर प्रणाली नावाची मुलगी बसते, ती आमच्याच बाजूच्या एका काठच्या गावाहून एसटीनं येते. तिनं हात वर केला.

"मॅडम, कारण म्हणून 'मला भीती वाटते' असं लिहिलं तर मार्क जातील?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तिनं मोबाईल मांडीवर उलटा धरला होता आणि घरच्या कुणाच्या तरी फोनची वाट बघत होती, हे मला लगेच कळलं. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. भीती म्हणजे जिचं कारण अजून सापडलेलं नाही अशी गोष्ट. ते शोधायला मिळणारा वेळ, तेवढाच काय तो आपल्या हातात. पण पेपर तपासणारा वेगळा असतो.

"जातील," मी म्हणाले. मग म्हणाले, "तू फोन बाहेर जाऊन घेतलास तरी चालेल."

तास संपवून स्टाफरूममध्ये आले तर माझ्याच मोबाईलवर अण्णांचे फोन येऊन गेलेले. त्यांना मी नेहमी करते; ते आपण होऊन कधी करत नाहीत. मी उलटा फोन लावला. मागून म्हशींचा आवाज येत होता, आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. आमच्या घराला पत्रा नाही.

"अण्णा? कुठं आहात?"

"माळावर. शेडात. तुझी आई बी हाय, म्हशी बी हाईत. मामा चहा करालेत, कोराच सांगितलाय."

"पाणी कुठवर आलं?"

"पानी?" ते जरा गोंधळल्यासारखे झाले. "पानी नदीतच हाय की अजून. पात्रात."

"मग कर्णा फिरला का? कुणी निघा म्हणालं?"

"न्हाय. कोन न्हाय हललं गल्लीतलं."

"मग एवढ्या लवकर का निघालात?" मला खरंच कळेना. माझा या वर्षीचा सगळा युक्तिवाद अजून करायचा होता.

पलीकडं एक म्हैस फुरफुरली.

"कारन काय सांगायचं आता," अण्णा म्हणाले. "तू भ्याली असशील, म्हनून निघालो."